दाते मोजायला लावणाऱ्या काकांना

ती. काकांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

पहिल्या फोनला मी पूर्ण तयारीनिशी बसले होते. माझ्या मॉडेल रेल्वेचं इंजिन कुठल्या कंपनीचं, मॉडेल नंबर काय, रंग कोणता, खोक्यावर काय छापलंय, सगळं कागदावर उतरवून समोर ठेवलं होतं. ते एका दमात वाचून दाखवलं आणि विचारलं, "याचा गिअर कुठे मिळेल?" तुम्ही मधे एकदाही बोलला नाहीत. माझं संपल्यावर एवढंच विचारलंत, "दाते किती?"

मोजले नव्हते. "मग मोजा आणि सांगा," म्हणालात आणि फोन ठेवलात.

खरं सांगते, तेव्हा तुमचा राग आला होता. इतकी वर्षं सुटे भाग जमवणारा माणूस म्हणून तुमचा नंबर मिळाला होता. एखादा खण उघडाल, गिअर काढून द्याल, असं मी धरून चालले होते. आता त्याला तीन वर्षं झाली. तुमचे आभार फोनवर मानायला गेलं की "ते राहू दे, यार्डातल्या सांध्याचं काय झालं?" असं म्हणून तुम्ही गाडी दुसऱ्या रुळावर घेता. (सांधा म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा पॉइंट.) म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं. माझ्यासारखंच मिश्र रुळांचं खोकं घरी आणून डोक्याला हात लावून बसलेलं कुणी ना कुणी असणारच. त्यांनाही ते वाचता येईल.

त्या खोक्याची गोष्ट तुम्हाला अर्धीच माहीत आहे. "सगळे एचओचे रूळ, सगळे एकमेकांना जुळतात" या विकणाऱ्याच्या शब्दावर मी ते अख्खं उचललं होतं. एका अर्थी तो खोटं बोलला नव्हता. एचओ म्हणजे खऱ्या रेल्वेच्या १:८७ माप, आणि दोन रुळांमधलं अंतर प्रत्येक तुकड्यात १६.५ मिमीच होतं. खऱ्या रेल्वेची स्टँडर्ड गेज १४३५ मिमी, तिला ८७ ने भागा, बरोबर तेवढंच येतं. पण जोडायला बसले तर तीन तुकडे जुळत, चौथा जुळत नसे. इंजिन एका जागी धावे, दुसऱ्या जागी मुकाट उभं. आठवडाभर मी इंजिनालाच दोष देत होते.

तुम्ही सांगितलंत, "लोहचुंबक घे आणि तीन ढीग कर." (तोवर तुमच्या तोंडी मी 'तुम्ही'वरून 'तू'वर आले होते. तो दिवस माझ्या लक्षात आहे.) चुंबक चिकटला ते पोलादी रूळ. न चिकटलेल्यांत पिवळेधमक ते पितळी. उरलेले पांढुरके, किंचित पिवळसर झाक असलेले, ते निकेल सिल्व्हरचे, ज्याला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो. नावात चांदी आहे, आत औषधालाही नाही. तांबं, निकेल आणि जस्त, बस. पोलादाला गंज चढतो. पितळेवर बसणारा काळपट थर वीज नीट जाऊ देत नाही, म्हणून ते सतत पुसत बसावं लागतं. निकेल सिल्व्हरही काळवंडतं, पण त्याचं त्या मानाने खूपच कमी अडतं. माझं इंजिन जिथे उभं राहत होतं तिथे सगळीकडे पितळ होतं. इंजिनाची माफी मागितली.

तिसऱ्या ढिगातही दोन पोटजाती निघाल्या. काही तुकड्यांवर कोड १००, काहींवर कोड ८३. मला वाटलं कंपनीचा काही गुप्त क्रमांक असेल. तुम्ही हसलात. कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली. १०० म्हणजे २.५४ मिमी, ८३ म्हणजे साधारण २.१. फरक अर्ध्या मिलिमीटरलाही कमी, पण तेवढ्या पायरीवर डबा हमखास उडतो.

या दोन उंचींचे रूळ जोडायची तयार फिशप्लेट (रुळांची टोकं जोडणारी धातूची पट्टी) मिळते, पण मला ती मिळत नव्हती. तेव्हा तुम्ही जे फोनवर शिकवलंत ते मी आजही तसंच करते. साधी फिशप्लेट घ्यायची, ती अर्धी कोड १०० च्या रुळावर सरकवायची, उरलेली अर्धी पकडीने चेपून सपाट करायची. त्या सपाट जिभेवर कोड ८३ चा रूळ ठेवायचा आणि सोल्डरचा एक थेंब. पहिल्या वेळी मी चार स्लीपर वितळवले. प्लास्टिकचा वास दोन दिवस खोलीत होता. मग तुम्ही सांगितलंत की टोकाचे दोन स्लीपर आधी काढून ठेव, त्याच्या पुढे दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचा बोळा ठेव, टोक चांगलं तापव आणि दोन सेकंदांत काम उरक. कमी तापलेलं टोक जास्त वेळ टेकवून ठेवलं की उष्णता रुळातून पसरते आणि स्लीपर जातात. मी नेमकी भीतभीत तेच करत होते. जोड थंड झाल्यावर नख दोनदा फिरवायचं, एकदा माथ्यावरून, एकदा रुळाच्या आतल्या कडेवरून. माथा जुळला आणि आतली कड पुढे राहिली तर चाकाची फ्लँज, म्हणजे आतल्या बाजूची उंच कड, तिथे आपटते. हे मला माझ्या मनाने सुचलं नसतं.

त्याच खोक्यात काही तुकडे असे होते की मी ते खराब म्हणून बाजूला टाकले होते. स्लीपरच्या मधोमध बारीक धातूचे टिकले वर आलेले. मी चिमट्याने ते उपटायला निघाले होते! तुम्ही थांबवलंत. ते मेर्क्लिन या जर्मन कंपनीच्या पद्धतीचे रूळ. तिथे वीज मधल्या टिकल्यांमधून इंजिनाच्या पोटाखालच्या पट्टीला मिळते आणि दोन्ही बाजूंचे रूळ मिळून परतीची वाट. त्यामुळे त्यांच्या डब्यांची चाकं एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने तोडलेली नसतात. तोच डबा माझ्या दोन रुळांच्या मांडणीवर ठेवला की शॉर्ट. म्हणजे अंतर तेच, १६.५ मिमी, आणि तरी पूर्ण वेगळं जग. "भंगार नाही ते," तुम्ही म्हणालात, "कुणीतरी शोधत असेल." खरंच कुणीतरी शोधत होतं. ते तुकडे गेले आणि त्या बदल्यात मला निकेल सिल्व्हरचे नऊ सरळ तुकडे मिळाले. माझ्या मेन लाइनचा सगळा दक्षिण भाग त्यांच्यावर आहे.

एवढा गोंधळ या छंदात पहिल्यापासून आहे, हे तुमच्याकडूनच कळलं. मेर्क्लिनने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत रुळांच्या मापांना क्रमांक दिले, तेव्हा कुठे एका संचाचा डबा दुसऱ्या संचाच्या रुळावर ठेवायची सोय झाली. अमेरिकेत एनएमआरए ही मॉडेल रेल्वेवाल्यांची संस्था १९३५ मध्ये उभी राहिली ती याच कटकटीतून, आणि युरोपात तशीच मोरोप १९५४ मध्ये. त्यातही ब्रिटिश मंडळींचं वेगळंच. त्यांची खरी इंजिनं अंगाने लहान, त्या काळच्या मोटारी त्यांच्या १:८७ च्या सांगाड्यात मावेनात, म्हणून सांगाडा १:७६ चा केला आणि रूळ मात्र १६.५ मिमीचेच ठेवले. तेच ओओ. हे ऐकल्यावर माझ्या स्टेशनच्या इमारतीचं दार डब्याच्या दारापेक्षा बुटकं का दिसतं, त्याचा उलगडा झाला. इमारत एचओची, डबे ओओचे. ते मी तसंच ठेवलंय. तुम्हाला ते खुपतं, मला माहीत आहे.

आता गिअर.

इंजिन चालताना टिक-टिक-टिक आवाज यायचा. चाकाच्या एका फेऱ्याला एक टिक, वेग वाढवला की टिकटिकही वाढायची. मी तेल घातलं, आणखी तेल घातलं, सगळीकडे तेल झालं. तुम्ही विचारलंत की आवाज मोटारीच्या वेगाने येतो की चाकाच्या. हा प्रश्न मला अजूनही भारी वाटतो. चाकाच्या वेगाने येतो म्हटल्यावर तुम्ही इंजिन न बघता सांगितलंत: एक्सलवरचा प्लास्टिकचा गिअर तडकलाय. खालचं झाकण काढलं, भिंगाखाली धरलं, तर दोन दात्यांच्या खोबणीत केसाएवढी काळी रेघ. तिथली खोबण इतरांपेक्षा जराशी रुंद झालेली, आणि दर फेऱ्याला समोरचा दाता तिथे अडखळायचा. त्या गिअरच्या नळीतच दोन्ही बाजूंचे अर्धे एक्सल घट्ट बसवलेले असतात. प्लास्टिक वर्षांनुवर्षं ताणाखाली राहतं आणि एक दिवस सोडून देतं. नळी सैल झाल्यामुळे चाकंही बाहेर सरकली होती. रुळावरून उतरायचं कारण तेच, ज्यासाठी मी तीन वळणं उखडून पुन्हा बसवली होती.

दाते १४ निघाले. मग तुम्ही बाहेरचा व्यास विचारलात, मी फुटपट्टी लावून ६ मिमी सांगितला. पलीकडे थोडा वेळ शांतता, आणि मग, "असा गिअर जगात कुणी करत नसणार." दात्यांच्या संख्येत दोन मिळवायचे आणि व्यासाला त्याने भागायचं, की मॉड्यूल, म्हणजे दात्यांच्या आकाराचं माप, येतो. माझा आला ०.३७५. मॉड्यूल असतात ०.३, ०.४, ०.५ असे. म्हणजे फुटपट्टी चुकली होती. व्हर्नियर कॅलिपर आणला, मोजलं, ६.४ मिमी. भागिले १६, बरोबर ०.४. त्या एका भागाकाराने माझा शोध बदलला. तोवर मी कंपनीचं नाव घालून शोधत होते आणि "उत्पादन बंद" एवढंच उत्तर मिळत होतं. आता मी १४ दाते, ०.४ मॉड्यूल, आतलं भोक अमुक, जाडी अमुक असं विचारू लागले. तीन दिवसांत तीन जागी मिळाला. एक तर रेल्वेशी संबंधच नसलेल्या छोट्या यंत्रांचे भाग विकणाऱ्याकडे.

इथेही तुम्ही शेवटपर्यंत सोबत राहिलात. नवा गिअर जोर लावून एक्सलवर दाबू नकोस, भोक फार घट्ट असेल तर हाही तडकेल, एक्सलपेक्षा पाच शतांश मिलिमीटर लहान असलं की पुरे. दोन्ही चाकं बसवल्यावर त्यांच्या पाठींमधलं अंतर मोज, साधारण १४.४ मिमी यायला हवं. मी म्हटलं, एवढं काटेकोर? तुम्ही म्हणालात, सांध्यावर गेल्यावर कळेल. कळलं. अंतर कमी राहिलं की चाकाची पाठ चेक रेलवर (चाकाला आतून आवरणाऱ्या जादा रुळावर) चढते, जास्त झालं की फ्लँज सांध्याच्या नाकावर, म्हणजे जिथे दोन रूळ टोकाला मिळतात तिथे, आदळते.

सांध्यांबद्दल मात्र मी तुमचं ऐकलं नाही आणि पस्तावले. "न वापरलेले सहा" अशा वर्णनाचे सहा पॉइंट मी घेतले. दोघांच्या पोटातली स्प्रिंग गायब, एकाची सरकपट्टी तुटलेली. विकणाऱ्याने फोटो वरूनच काढले होते, आणि वरून ते खरंच सुंदर दिसत होते. नंतर तुम्ही जो नियम सांगितलात तो मी कपाटावर चिकटवलाय: पॉइंटचा फोटो पोटाकडून मागायचा, इंजिनाचा चाकांकडून, आणि जुन्या ओतीव सांगाड्याचा फोटो उजेडात, जवळून. त्या सांगाड्यांच्या जस्तात मुळात शिशासारखी भेसळ राहिली असेल तर काही वर्षांनी धातू फुगतो, भेगाळतो आणि बिस्किटासारखा तुटतो. त्यावर उपाय नाही. सुट्या भागांसाठी बंद पडलेलं इंजिन घ्यायचं तर आधी सांगाडा बघायचा, मोटार नंतर. एकाच सांगाड्यावर कंपन्या चार-पाच वेगवेगळी अंगं चढवून विकतात, त्यामुळे दिसायला भलतंच असलेलं इंजिनसुद्धा आतून आपलं निघू शकतं, हेही त्याच फोनवर सांगितलंत. माझ्या शंटिंग इंजिनाची मोटार अशाच एका कुरूप, चिमणी तुटलेल्या इंजिनातून आली.

ते शंटिंग इंजिन सांध्यावर नेमकं मधोमध बंद पडायचं, त्याचंही निदान तुमचंच. सांध्याचं नाक प्लास्टिकचं, म्हणजे तेवढ्या तुकड्यात वीज नाही. लांब इंजिनाच्या चाकांची एखादी जोडी पुढे किंवा मागे वीज घेत राहते. माझं चार चाकी, छोटं. एक चाक प्लास्टिकवर, दुसरं जरासं मळलेलं, संपलं. यार्डात नाकात वीज खेळणारे सांधे लावले, त्यांच्या नाकापुढच्या जोडांना प्लास्टिकच्या फिशप्लेट घातल्या, आणि आता ते मुंगीच्या पावलाने जातं.

तुम्हाला अजून एक कबुली द्यायची आहे. रूळ मी एकदा लोखंडी तारकाथ्याने घासले होते. तुम्हाला "पुसले" एवढंच सांगितलं. त्याचे बारीक तंतू मोटारीच्या चुंबकाला जाऊन चिकटले, आणि नंतर "मोटार गरम होते, काय असेल?" म्हणून मी निरागस चेहऱ्याने विचारलं. फोनवर चेहरा दिसत नाही म्हणून बरं. तुम्ही थोडा वेळ गप्प राहून म्हणालात, "घासायला काय वापरलंस?" आता मऊ कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. शपथेवर.

सगळ्यात मला तुमचं पटत नाही असं एकच. पोलादी रूळ मी टाकून दिलेले नाहीत. तुम्ही तीनदा सांगितलंत. पण यार्डाच्या मागे एक जुनी, वापरात नसलेली साइडिंग आहे, तिथे वीज द्यायचीच नाही. तिथे तो गंज खरा आहे, रंगवलेला नाही, आणि त्यावर उभा असलेला चाकं नसलेला मालडबाही तुमच्याच नावडत्या ढिगातला. पाहुणे आले की आधी तिथेच वाकून बघतात.

एवढ्या फोनांमध्ये तुम्ही स्वतः काय शोधताय हे कधी बोलला नाहीत. ते मला मेर्क्लिनचे तुकडे नेणाऱ्यांकडून कळलं. तुमच्या स्टेशनच्या तोंडाशी एका डाव्या सांध्याची जागा रिकामी आहे, जुन्या बनावटीचा, कोड १००, ज्याचे स्लीपर आताच्यांपेक्षा जाड असायचे. कित्येक वर्षं तुम्ही तिथे सरळ तुकडा टाकून वेळ मारून नेताय म्हणे. मी कपाट उपसलं. पहिल्याच खोक्याच्या तळाशी, जुन्या कागदात गुंडाळलेला, मी "न जुळणारे" असं लिहून ठेवलेल्या पिशवीत एक निघाला. डावा. चुंबक चिकटत नाही. उंची २.५४. स्प्रिंग जागेवर आहे, सरकपट्टी दोन्ही बाजूंना पूर्ण टेकते, नाकाशी १४.४ चं चाक आदळत नाही. स्लीपरची जाडी कॅलिपरने मोजून मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिली आहे.

या पत्राबरोबर तो वेगळ्या डबीत पाठवतेय. फोटो पोटाकडून काढलाय.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
१४ दातेवाली